हिरव्या शालूशिवायही पाऊस पडतो

शाळेपासून एक समज डोक्यात बसलाय: वर्णनपर परिच्छेद म्हणजे विशेषणांची आरास. जितके अलंकार, तितके गुण. म्हणून 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहिताना दरवर्षी धरणीमाता हिरवा शालू नेसते आणि मोर पिसारा फुलवतो. लिहिणाऱ्याने जन्मात मोर पाहिलेला नसला तरी.

खरं तर असं विशेषण निकाल सांगतं, पुरावा देत नाही. 'एसटी स्टँड अतिशय गलिच्छ होता' यात दिसत काहीच नाही. आता हे बघा: 'बाकाखाली भुईमुगाची टरफलं, फलाटभर चिखलाचे ठसे, पत्र्यातून पाण्याची धार नेमकी चौकशीच्या खिडकीपुढे, आणि रांग त्या धारेला वळसा घालून उभी.' 'गलिच्छ' हा शब्द कुठेच नाही, तरी नाक मुरडलंच ना?

विशेषणं वर्ज्य नाहीत. 'पिवळट', 'आंबूस' ही डोळ्या-नाकाला कळणारी खुशाल वापरा. 'रम्य', 'अप्रतिम' मात्र खोडून बघा. वाक्याचं सहसा काही बिघडत नाही. आणि लिहिण्याआधी ठरवा, आपण उभे कुठे आहोत? खिडकीशी की रांगेच्या टोकाला? तिथून जे दिसत नाही, ऐकू येत नाही, ते गाळा. मोरसुद्धा.