तोतरा, बोबडा, गेंगाणा : अडखळत्या वाणीच्या शब्दांची पार्श्वभूमी

सातारा-सांगलीकडे बोलताना कोणाची जीभ अडली की ‘तोतरं बोलतंय’ असे सरसकट म्हटले जाते. वास्तविक मराठीने या बाबतीत बरीच बारकाईने वाटणी करून ठेवली आहे. शब्दाच्या पहिल्या अक्षरापाशी अडून तेच अक्षर पुन्हा पुन्हा उच्चारणारा तो तोतरा. ‘र’च्या जागी ‘ल’ आणि ‘क’च्या जागी ‘त’ म्हणणारा तो बोबडा. नाकातून बोलणारा तो गेंगाणा. चाचरणे हे धीर होत नसल्याचे लक्षण, तर ततपप करणे आणि बोबडी वळणे या गोष्टी एरवी घडाघडा बोलणाऱ्याच्याही वाट्याला भीतीपोटी येतात. मोल्सवर्थच्या 1831 सालच्या मराठी-इंग्रजी कोशातही तोतरा आणि बोबडा हे शब्द वेगवेगळे नोंदलेले आहेत. पुढे ही सरमिसळ वाढण्यास शेजारच्या भाषाही थोड्याफार कारणीभूत असाव्यात, कारण हिंदीत ‘तोतला’ म्हणजे आपला बोबडा, आणि जतच्या बाजूला कानावर पडणाऱ्या कन्नडमध्ये लहान मुलाच्या बोबड्या बोलांना ‘तोदलु नुडी’ म्हणतात.

या वाटणीचे मूळ जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात शब्दवाहिनी धमन्या कफयुक्त वायूने अडल्या असता माणूस मूक, मिन्मिन किंवा गद्गद होतो, असे सांगितले आहे. मिन्मिन म्हणजे सानुनासिक बोलणारा आणि गद्गद म्हणजे बोलताना पदे व व्यंजने गाळणारा, असा खुलासा टीकाकारांनी केला आहे. यांपैकी गद्गद शब्दाचा प्रवास विलक्षण म्हणावा लागेल. वैद्यकात जो दोष होता, तोच भक्तीच्या आणि काव्याच्या भाषेत कंठ दाटून येण्याचा भाव झाला; आज कीर्तनात सद्गदित झालेल्या श्रोत्याला कोणी रोगी म्हणणार नाही.

बोबडेपणाच्या वाट्यालाही अशीच दोन टोके आली. पतंजलीच्या महाभाष्यात ‘हे अरयः’ (हे शत्रूंनो) याऐवजी ‘हेलयो हेलयः’ म्हणणाऱ्या असुरांचा पराभव झाल्याची कथा येते. म्हणजे ‘र’चा ‘ल’ केला एवढाच त्यांचा अपराध! त्याच अदलाबदलीकडे ज्ञानेश्वर मात्र आईबापांच्या नजरेने पाहतात. 1290 साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ‘अपत्य बोले जरी बोबडी वाचा, तरी अधिकचि तयाचा संतोष आथी’ असे म्हणून त्यांनी आपल्या बोलण्यातील उणेपणाबद्दल श्रोत्यांची क्षमा गृहीत धरली आहे.

असुरांच्या अस्फुट वाणीला सांगलीत निराळाच मान मिळाला. विष्णुदास भावे यांनी 1843 साली येथे ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि त्या परंपरेतील पौराणिक नाटकांत राक्षसपार्टी ‘अललऽऽ डुर्र’ अशी आरोळी ठोकत रंगमंचावर येऊ लागली. प्रेक्षकांना ती इतकी आवडली की पुढे ही नाटकेच ‘अललडुर्र’ नावाने ओळखली गेली. रंगभूमीवरील तोतरे पात्र मात्र केवळ हशासाठी राहिले, आणि ‘तोतरा’ हे टोपणनाव म्हणून चिकटण्यास ही करमणूकही काही अंशी जबाबदार आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

घरगुती उपायांत वेखंडाचा मान मोठा. त्याचे संस्कृत नाव ‘वचा’ हे ‘वच्’ म्हणजे बोलणे या धातूशी जोडले जाते. बाळगुटीच्या वेळी सहाणेवर वेखंडाचे दोन-चार वेढे उगाळून ते मधाच्या बोटाने बाळाच्या जिभेला लावायचे, म्हणजे वाचा स्वच्छ होते, अशी समजूत अजून टिकून आहे. तोतरेपणा त्याने जात असल्याचा पुरावा नाही. तो बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो, बऱ्याच मुलांच्या बाबतीत आपोआप ओसरतो आणि प्रौढांपैकी सुमारे 1 टक्का लोकांमध्ये उरतो. आनुवंशिकता आणि मेंदूतील वाक्‌नियंत्रण यांच्याशी त्याचा संबंध आहे. भित्रेपणा हे त्याचे कारण नाही, जरी भीतीने तो वाढत असला तरी.

तोतरा आणि बोबडा यांतला फरक वर्गात हजेरी घेताना स्पष्ट दिसतो. ‘हजर’मधल्या ‘ह’पाशी श्वास अडणारा मुलगा आपली पाळी येण्याआधीच ‘यस सर’ म्हणायचे ठरवून ठेवतो आणि वेळ निभावून नेतो. उत्तर येत असूनही ‘माहीत नाही’ म्हणणारी मुले याच गटातली. शिक्षकाला वाटते, अभ्यास झालेला नाही. बोबड्या मुलाची अडचण याहून वेगळी असते: त्याचा शब्द न अडता बाहेर पडतो, पण चुकीच्या वर्णासह, आणि म्हणून वाचा-उपचारांत त्याला त्या वर्णाचा सराव देतात, तर तोतऱ्याला श्वास, गती आणि अडल्यावर ताण सोडण्याची रीत शिकवतात.

कायद्याने या बाबतीत उशिरा दखल घेतली. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत वाचादोषाला स्वतंत्र स्थान नव्हते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने एकवीस प्रकारांत ‘वाचा आणि भाषा दिव्यांगत्व’ घातले, परंतु त्याची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकणे किंवा मेंदूच्या आजारामुळे भाषा हरपणे अशा कारणांनी आलेल्या कायमच्या दोषापुरती आहे. लहानपणापासून तोतरे बोलणाऱ्याला त्या व्याख्येत बसवणे कठीण जाते.