वनस्पती अर्काची उंदरांवर चाचणी: आयएईसीकडून अर्ज परत का येतो

विद्यापीठाने आराखडा मंजूर केला म्हणजे उंदरांवर प्रयोग करायला मोकळे झालो, हा समज एम.फार्म. आणि द्रव्यगुणाच्या (आयुर्वेदातला औषधी वनस्पतींचा विषय) एम.डी.च्या विद्यार्थ्यांत फार पक्का आहे. तसं नाही. परवानगी देते ती आयएईसी, म्हणजे संस्थेची प्राणी नैतिकता समिती. तिच्या मागे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९९८ चे नियम आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी सीसीएसईए ही केंद्रीय समिती आहे. जुन्या कागदांवर तिचंच नाव सीपीसीएसईए असं दिसेल. माणसांवरच्या अभ्यासाला लागणारी आयईसी वेगळी. तिचं पत्र इथे जोडून काहीही होत नाही. काम आधी उरकून मंजुरी मागाहून घेण्याची सोयही नाही.

अर्ज तुमच्या नावाचा असला तरी पात्रता संस्थेची बघतात. संस्थेकडे सीसीएसईएची नोंदणी हवी आणि तिची पाच वर्षांची मुदत चालू हवी. नोंदणी क्रमांकातली अक्षरं वाचून घ्या: ‘आरई’ शैक्षणिक संशोधनासाठी, ‘आरसी’ व्यावसायिक संशोधनासाठी, ‘एस’ म्हणजे लहान प्राणी. फक्त ‘आरई’ असलेल्या महाविद्यालयात कंपनीने पैसे दिलेली चाचणी बसत नाही. महाविद्यालयाची नोंदणीच नसेल, तर नोंदणीकृत संस्थेच्या प्राणीगृहात काम करायचं आणि अर्जही त्याच संस्थेच्या समितीकडे द्यायचा. अर्जाचा नमुना फॉर्म बी. नाव, पत्ता, मार्गदर्शक, कालावधी हे रकाने सरळ आहेत.

खरी अडचण वनस्पतीच्या प्रमाणपत्रापासून सुरू होते. बाजारातून आणलेल्या चूर्णाला किंवा वाळक्या तुकड्यांना हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांचा संग्रह, ओळखपत्र देऊ शकत नाही, कारण ओळखायला पान, फूल, फळ काहीच उरलेलं नसतं. ‘दुकानदाराने गुळवेल म्हणून दिली’ हा पुरावा नव्हे. आपल्याकडे गुळवेल म्हणून टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया अपेक्षित असते, पण सायनेन्सिस आणि क्रिस्पा या तिच्या बहिणीही त्याच नावाने हाती येतात. शंखपुष्पी आणि ब्राह्मी यांची तर एकेका नावाखाली वेगवेगळ्या कुळांतली झाडं विकली जातात. म्हणून स्वतः गोळा केलेल्या झाडाचा दाबून वाळवलेला नमुना शीटवर लावून न्या. सोबत ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव असू द्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतीशास्त्र विभाग, अशी विचारायची ठिकाणं आहेत. प्रमाणपत्रावर नमुना क्रमांक आहे ना, हे तिथेच पाहून घ्या. नुसतं ‘ओळख पटली’ एवढं पत्र समिती परत करते.

यात हंगाम आडवा येतो. गुळवेलीला फुलं येतात उन्हाळ्यात, तीही बहुधा पानं झडलेली असताना. विद्यार्थ्याला वेल आठवते जुलैत, तेव्हा नुसती पानं असतात. मग पानांचा आणि फुलांचा नमुना एकाच वेलीवरून दोनदा घ्यावा लागतो. अर्क काढून झाल्यावर प्रमाणपत्र आणणारेही कमी नाहीत. त्यांच्या कागदांवर अर्काची तारीख आधीची आणि ओळखीची नंतरची दिसते, आणि समितीतला एक तरी सदस्य ती पकडतोच. अभयारण्यातून काही तोडायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्या. परदेशी विद्यापीठ भागीदार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीचा प्रश्न उभा राहतो; तो शेवटच्या महिन्यात सुटत नाही.

यानंतर डोस. ‘२०० आणि ४०० मिलिग्रॅम प्रतिकिलो’ (उंदराच्या वजनाच्या दर किलोला) हे आकडे अर्जाअर्जांतून उतरवत आणलेले असतात. ते चूक असतीलच असं नाही, पण का, ते लिहावं लागतं. माणसाची मात्रा ६ ग्रॅम चूर्ण धरली, तर २० ग्रॅमच्या उंदरासाठी ०.००२६ ने (माणूस आणि उंदीर यांच्या शरीराच्या पृष्ठभागावरून काढलेलं गुणोत्तर) गुणून १५.६ मिलिग्रॅम येतात, म्हणजे ७८० मिलिग्रॅम प्रतिकिलो. हे झालं चूर्णाचं. तुमच्या अर्काचा उतारा, म्हणजे चूर्णातून निघालेला अर्क, १० टक्के असेल तर अर्काची मात्रा ७८ मिलिग्रॅम प्रतिकिलो होते. चूर्णाचा आकडा अर्काला लावला की मात्रा दहापट फुगते. द्यायचं आकारमान साधारण १० मिली प्रतिकिलो, म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला ०.२५ मिली. ४०० चा डोस द्यायचा तर दर मिलीत ४० मिलिग्रॅम अर्क हवा. इतका दाट, चिकट अर्क सुईतून उतरतो का, हे अर्जाआधी बाटलीतच करून बघा. ०.५ टक्के सीएमसीत (अर्क तरंगत ठेवणारं दाट द्रावण) मिसळणार असाल तर नियंत्रण गटालाही, म्हणजे अर्क न देता तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांनाही, तेच सीएमसी द्यायचं, हे लिहून ठेवा.

उंदरांची संख्या ही दुसरी मोठी आपटी. ‘प्रत्येक गटात सहा’ असं रीत म्हणून लिहितात. पाच गट गुणिले सहा म्हणजे तीस. त्यातून गटांची संख्या वजा केली की पंचवीस उरतात. किती प्राणी पुरेसे हे ठरवणाऱ्या साध्या रिसोर्स समीकरणात हा आकडा १० ते २० मध्ये असावा लागतो. गटात पाच घेतले तर बरोबर वीस. सहाच हवे असतील तर आधीच्या अभ्यासातला फरक आणि प्रमाण विचलन घेऊन पॉवरचा हिशोब, म्हणजे तो फरक दिसायला किती प्राणी लागतील याचा हिशोब, जोडा. समिती तो मान्य करते. विषारीपणाच्या चाचणीचे उंदीर मात्र लोक हमखास विसरतात. ओईसीडी ४२३ या तीव्र विषारीपणाच्या आंतरराष्ट्रीय चाचणी-मार्गदर्शिकेप्रमाणे २००० मिलिग्रॅम प्रतिकिलोची मर्यादा चाचणी करायची तर तीन-तीन करून सहा उंदीर लागतात आणि १४ दिवस निरीक्षण. तेही एकूण संख्येत धरायचे. त्याच भागाच्या, त्याच द्रावकातल्या अर्काची ही चाचणी आधी प्रसिद्ध झाली असेल तर ती परत का करता, याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं.

वेदनेचा रकाना ‘लागू नाही’ लिहून सोडू नका. २५ ग्रॅमच्या उंदरात जेमतेम २ मिली रक्त असतं, एका वेळी त्याचा दहावा भाग, म्हणजे ०.२ मिली घेता येतं. तरीही ‘दर आठवड्याला ०.५ मिली’ असं लिहिलेले अर्ज येतात, म्हणजे चार आठवड्यांत उंदराच्या अंगात आहे तितकं सगळं रक्त. डोळ्यामागून रक्त घेणार तर भूल कोणती, किती, ते लिहा. ईथर लिहिलंत की प्रश्न ठरलेला, कारण तो पेट घेतो आणि श्वासमार्गाला झोंबतो. शेवटी प्राण्यांचं काय करणार, हेही एका वाक्यात हवं.

तारखांचं बघा. सूचनेतली ‘शेवटची तारीख’ ही कागद कार्यालयात पोचण्याची असते, बैठकीची नव्हे. सीसीएसईएने नेमलेला मुख्य प्रतिनिधी किंवा त्याच्या जागचा जोड प्रतिनिधी आला नाही तर बैठक होतच नाही आणि सगळे अर्ज पुढच्या बैठकीवर जातात. कित्येक संस्थांत ती पुढची बैठक काही महिन्यांनी असते. दुरुस्त्या सांगितल्या असतील तर त्या मान्य होऊन सहीचं पत्र हातात येईपर्यंत परवानगी नाही. ‘सर म्हणाले होईल’ यावर उंदीर मागवले, की पुरवठादाराच्या बिलावर पत्राच्या आधीची तारीख पडते, आणि ती नियतकालिकाचा संपादकही विचारतो. उंदीर नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घ्या, बिलावर त्याचा क्रमांक तपासा. आल्यावर निदान पाच दिवस स्थिरावू द्या. हे दिवसही कालावधीच्या रकान्यात मोजा. मधेच काही दगावले आणि आणखी हवे असतील तर सुधारित अर्ज द्यावा लागतो. शेजारच्या प्रकल्पाचे उरलेले उंदीर घेऊन भागवता येत नाही, कारण प्राण्यांची नोंदवही असलेल्या फॉर्म डी च्या नोंदीत प्रत्येक उंदराचा हिशोब लागतो.