पवईच्या पाण्यातले महाकाय विषाणू : शोधामागची पार्श्वभूमी

मुंबईच्या पाण्यात महाकाय विषाणू, म्हणजे काही बॅक्टेरियांएवढे मोठे विषाणू, आहेत. हे वाचून नळाकडे संशयाने पाहू नये. यांचं भक्ष्य अमीबा आणि सूक्ष्म शेवाळ. माणसाच्या न्यूमोनियाशी त्यांचा संबंध असावा अशी शंका घेतली गेली, पण ती ठोसपणे सिद्ध झालेली नाही.

विषाणू बॅक्टेरियाहून लहानच असणार, ही समजूत शंभर वर्षं टिकली. 1890च्या दशकात तंबाखूच्या रोगट पानांचा रस बॅक्टेरिया अडवणाऱ्या गाळणीतून काढला, तरी त्यातून रोग पसरतच राहिला. गाळणीतून पार जातो तो विषाणू, अशी ओळख तिथून रुजली. पुढे 0.2 मायक्रॉनची गाळणी सर्रास वापरात आली. तिच्यावर जे उरेल त्यात विषाणू शोधावा, असं कुणाला वाटलंच नाही. मला या साऱ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते.

1992मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला न्यूमोनियाच्या साथीचा शोध घेताना एका कूलिंग टॉवरच्या (पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्याच्या) पाण्यातल्या अमीबात गोल कण दिसले. ते बॅक्टेरिया समजून बाजूला राहिले. 2003मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी तो विषाणू असल्याचं जाहीर केलं आणि त्याला मिमीव्हायरस नाव दिलं. त्याच्या जनुकसंचात, म्हणजे आनुवंशिक मजकुरात, सुमारे 12 लाख अक्षरजोड्या निघाल्या. एचआयव्हीचा जनुकसंच जेमतेम 10 हजार अक्षरांचा. 2013मध्ये पँडोराव्हायरस हे आणखी महाकाय विषाणू सापडले, त्यांतला एक मेलबर्नजवळच्या गोड्या पाण्याच्या तळ्यातून.

मग मुंबईची पाळी आली. आयआयटी मुंबईतल्या किरण कोंडाबागिल यांच्या गटाने 2016मध्ये शहराच्या सांडपाण्यातून मिळालेल्या 'मिमीव्हायरस बॉम्बे'चा जनुकसंच प्रसिद्ध केला. 2019मध्ये पवई तलाव, सांडपाणी आणि पालिकेचा पाणीपुरवठा, सगळीकडे महाकाय विषाणूंच्या खुणा असल्याचं याच गटाने दाखवलं. पवई, वांद्रे, कुर्ला ही नावं आता विषाणूंनाही आहेत.

हे विषाणू कुठे वाढतील हे त्यांचे यजमान, म्हणजे ज्यांच्यात ते वाढतात ते जीव, ठरवतात. अमीबा मोठे कण गिळतो, म्हणून विषाणूचं आकारमानच त्याला आत शिरायला मदत करतं. पाणी आटलं की अमीबा टणक कवचाची पुटी बनवतो. तिथे विषाणूची डाळ शिजत नाही. शेवाळाच्या विषाणूंचं वेगळं. सांडपाण्यातून नायट्रोजन, फॉस्फरस आला की शेवाळ माजतं आणि विषाणूंना यजमान मिळतात. कडक उन्हातले अतिनील किरण मात्र मोकळ्या पाण्यातले कण निकामी करतात. काही शेवाळ पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या पोटात सुरक्षित असतं. इवले कवचधारी जीव पॅरामेशियम खातात तेव्हा ते शेवाळ बाहेर पडतं आणि विषाणूंची संख्या वाढते, असं 2016मध्ये दिसून आलं.

कोकणात पाणी आणि प्रकाश यांची ही परिस्थिती वर्षभरात टोकाला जाऊन येते. जांभ्याच्या सड्यावरची (खडकाळ पठारावरची) डबकी जूनमध्ये भरतात आणि पावसाळा सरला की आटतात. पहिल्या सरींबरोबर लाल माती तळ्यात उतरते आणि प्रकाश खोल जात नाही. मालवण तालुक्यातलं धामापूरचं तळं 1530 सालचं, झाडीने वेढलेलं. पवईला मात्र जलपर्णी आणि सांडपाणी यांनी ग्रासलंय. म्हणून हे विषाणू शोधताना दोन्हींचं पाणी वैशाखात, मृगाच्या पावसानंतर आणि दिवाळीच्या सुमारास, तापमान व फॉस्फेटच्या नोंदींसह तपासावं. नमुना न गाळताच तपासणीला घ्यावा.