शेलमधील अंगभूत आज्ञा

युनिक्स आणि त्या परंपरेतील लिनक्स, मॅकओएस यांसारख्या कार्यप्रणालींत वापरकर्त्याने टंकलेली किंवा स्क्रिप्टमध्ये लिहिलेली ओळ वाचून ती अमलात आणणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. शेल बहुतेक कामे स्वतः करीत नाही. ‘एलएस’, ‘ग्रेप’, ‘सॉर्ट’ हे स्वतंत्र प्रोग्रॅम आहेत. शेल ‘पाथ’ या चलात नोंदलेल्या डिरेक्टरींमध्ये त्यांची फाइल शोधतो, ‘फोर्क’ या सिस्टिम कॉलने (कार्यप्रणालीच्या गाभ्याला केलेल्या विनंतीने) स्वतःची प्रतिकृती असलेली चाइल्ड प्रोसेस निर्माण करतो (प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम), तिच्यात ‘एक्झेक’ने तो प्रोग्रॅम चढवतो आणि सामान्यतः तो संपेपर्यंत थांबतो. याउलट ज्या आज्ञांचा कोड शेलच्या आतच असतो आणि ज्या एरवी शेलच्याच प्रोसेसमध्ये चालतात, त्यांना अंगभूत आज्ञा किंवा रोजच्या बोलण्यात ‘बिल्ट-इन’ म्हणतात. ‘सीडी’ (चालू डिरेक्टरी बदलणारी), ‘एक्स्पोर्ट’, ‘रीड’, ‘सेट’, ‘ट्रॅप’, ‘वेट’, ‘एक्झिट’ ही त्यांची नेहमीची उदाहरणे होत.

या आज्ञा वेगासाठी शेलमध्ये घातल्या आहेत असे पुष्कळदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. मूळ कारण प्रोसेसच्या सीमेत आहे. चालू डिरेक्टरी, चले, नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारा ‘यूमास्क’ या गोष्टी प्रत्येक प्रोसेसच्या स्वतःच्या असतात. चाइल्ड प्रोसेसला चालू डिरेक्टरी व यूमास्क जसेच्या तसे मिळतात, एक्स्पोर्ट केलेल्या चलांची प्रत मिळते. पण तिने त्यांत केलेला कोणताही बदल मूळ प्रोसेसपर्यंत पोचत नाही. त्यामुळे ज्या आज्ञेने शेलची स्वतःची स्थिती बदलायची आहे, ती शेलच्या आतच असावी लागते. ‘रीड’ने वाचलेली ओळ शेलच्याच चलात जायची असते, ‘वेट’ला शेलच्याच चाइल्ड प्रोसेसची वाट पाहायची असते आणि ‘एक्झिट’ने खुद्द शेल संपवायचा असतो.

हे तत्त्व कोणी आधी कागदावर मांडले नव्हते; ते अनुभवातून उमगले. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या संगणकावर युनिक्सची पहिली आवृत्ती घडवली, तेव्हा सुरुवातीला एका टर्मिनलमागे एकच प्रोसेस असे आणि डिरेक्टरी बदलणारी ‘सीएचडीर’ ही इतरांसारखीच साधी आज्ञा होती. पुढे ‘फोर्क’ आले आणि ही आज्ञा अचानक निरुपयोगी ठरली. रिची यांनी नंतर लिहून ठेवल्याप्रमाणे, फोर्कमुळे ती कशी बिघडली हे शोधण्यासाठी बराच कोड तपासावा लागला. आज्ञेत दोष नव्हताच. ती आपल्यापुरती डिरेक्टरी अचूक बदलत होती, लगेच संपत होती आणि तिच्याबरोबर तो बदलही नाहीसा होत होता. अखेर ती शेलने स्वतःच चालवावयाची खास आज्ञा करण्यात आली. युनिक्समधील अंगभूत आज्ञांची परंपरा येथून सुरू होते.

त्याच काळातील एक उलट उदाहरणही तितकेच बोलके आहे. १९७१ च्या टॉम्पसन शेलमध्ये ‘इफ’ आणि ‘गोटू’ हे शेलच्या बाहेरचे, स्वतंत्र प्रोग्रॅम होते. बाहेरचा ‘गोटू’ शेलला स्क्रिप्टमधील दुसऱ्या ओळीवर कसा नेत असे? शेल स्क्रिप्टची फाइल आपल्या प्रमाण इनपुटमधून वाचत असे, आणि उघडलेल्या फाइलीतील वाचनाचे स्थान मात्र फोर्कनंतरही दोन्ही प्रोसेसमध्ये सामाईक राहते. ‘गोटू’ हवी ती खूण शोधून ते स्थान तेथे नेऊन ठेवी आणि शेल पुढचे वाचन तेथून करी. डिरेक्टरी सामाईक नाही, वाचनस्थान सामाईक आहे. एवढ्या फरकावर एक आज्ञा आत आली आणि दुसरी बाहेर राहू शकली. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीफन बोर्न यांच्या शेलने ‘इफ’, ‘फॉर’, ‘व्हाइल’, ‘केस’ या रचना भाषेच्या व्याकरणातच आणल्या आणि ही जुनी युक्ती मागे पडली.

व्याकरणातील हे राखीव शब्द अंगभूत आज्ञांहून वेगळे मानावे लागतात. बॅश या प्रचलित शेलमध्ये अट तपासणारी ‘[’ ही अंगभूत आज्ञा आहे, तर ‘[[’ हा राखीव शब्द आहे. पहिल्यात चलाभोवती अवतरणचिन्हे नसली तर त्याच्या मूल्याचे मोकळ्या जागांवर तुकडे पडतात. दुसऱ्यात ते पडत नाहीत, कारण शेल ती ओळ वाचतानाच तिची रचना ओळखतो. वेळ मोजणारा ‘टाइम’ हाही बॅशमध्ये राखीव शब्द असून त्यामुळे तो संपूर्ण पाइपलाइनीचा, म्हणजे एकीचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या आज्ञांच्या साखळीचा, वेळ मोजू शकतो.

दुसऱ्या वर्गातील आज्ञा खरोखर वेगासाठी आत आल्या. ‘इको’, ‘प्रिंटएफ’, ‘टेस्ट’ यांना शेलची स्थिती बदलायची नसते आणि आजही त्यांच्या स्वतंत्र फाइली बहुतेक प्रणालींत असतात, किंबहुना ‘[’ याच नावाची फाइलही लिनक्सवर सापडते. परंतु हजारो फेऱ्यांच्या लूपमध्ये प्रत्येक तुलनेसाठी नवी प्रोसेस काढणे फार महाग पडते. आणखी एक फायदा कमी परिचित आहे. नव्या प्रोग्रॅमला द्यावयाच्या आर्ग्युमेंट्सच्या (आज्ञेपुढे लिहिलेल्या शब्दांच्या) एकूण आकारावर कर्नलची, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याची, मर्यादा असते. त्यामुळे प्रचंड संख्येने फाइली असलेल्या डिरेक्टरीत ‘एलएस *’ ही आज्ञा (‘*’च्या जागी शेल फाइलींची नावे घालतो) आर्ग्युमेंट्सची यादी फार लांब असल्याची तक्रार करून थांबते, पण अंगभूत ‘प्रिंटएफ’ला तीच यादी देता येते, कारण तेथे ‘एक्झेक’ होतच नाही.

प्रोसेस थांबवणारी ‘किल’ अंगभूत असण्यामागे दोन्ही कारणे नाहीत, तर तिसरेच व्यावहारिक कारण आहे. ‘%१’ अशा जॉब-क्रमांकाचा (शेलने सुरू केलेल्या कामाला दिलेल्या क्रमांकाचा) अर्थ फक्त शेललाच ठाऊक असतो. शिवाय वापरकर्त्याची प्रोसेसची मर्यादा पूर्ण भरली असेल तर बाहेरचा ‘किल’ सुरूच करता येणार नाही आणि चिघळलेली प्रोसेस थांबवण्याचा मार्गच उरणार नाही. प्रणाली सांभाळणाऱ्याने हे आवर्जून लक्षात ठेवावे. ‘एलएस’ची फाइलच नष्ट झाली असताना ‘इको *’ने डिरेक्टरीतील नावे पाहता येतात, तेही याच जातीचे साहाय्य आहे.

पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या मानकाच्या १९९२ मधील शेल-भागाने काही आज्ञांना विशेष दर्जा दिला. ‘ब्रेक’, ‘:’, ‘कंटिन्यू’, ‘.’, ‘इव्हॅल’, ‘एक्झेक’, ‘एक्झिट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘रीडओन्ली’, ‘रिटर्न’, ‘सेट’, ‘शिफ्ट’, ‘टाइम्स’, ‘ट्रॅप’ आणि ‘अनसेट’ या त्या १५ विशेष अंगभूत आज्ञा. त्यांचा शोध फंक्शनच्याही आधी घेतला जातो, त्यांच्या व्याकरणातील चुकीमुळे स्क्रिप्ट तेथेच थांबू शकते आणि त्याच ओळीत त्यांच्या आधी लिहिलेले चलाचे मूल्य आज्ञा संपल्यावरही टिकते. बॅश मात्र पॉझिक्स पद्धतीत चालवल्याशिवाय हे सगळे नियम पाळत नाही. ‘सीडी’ या विशेष यादीत नाही, म्हणूनच त्या नावाचे फंक्शन लिहून डिरेक्टरी बदलताना आणखी काही करवून घेता येते. फक्त त्याच्या आत मूळ आज्ञेला ‘बिल्टिन सीडी’ किंवा ‘कमांड सीडी’ असे बोलवावे लागते, नाहीतर फंक्शन स्वतःलाच बोलवत राहते.

आत-बाहेरचा हा भेद न कळल्याने होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. ‘सुडो सीडी’ने मूळ शेल कधीच हलत नाही, कारण ‘सुडो’ हा दुसऱ्या वापरकर्त्याच्या, सहसा व्यवस्थापकाच्या, अधिकाराने आज्ञा चालवणारा बाहेरचा प्रोग्रॅम आहे आणि त्याला शेलच्या आत हात घालता येत नाही. पाइपच्या उजवीकडे लिहिलेल्या ‘रीड’चे चल पुढच्या ओळीत रिकामे आढळते, हा नवशिक्यांना सर्वांत जास्त छळणारा प्रकार आहे. बॅश पाइपचा प्रत्येक भाग सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतिकृतीत, चालवतो, म्हणून आज्ञा अंगभूत असूनही तिने बदललेली स्थिती त्या सबशेलबरोबर संपते. कॉर्न शेल आणि झेड-शेल शेवटचा भाग चालू शेलमध्येच चालवतात, बॅशच्या ४.२ आवृत्तीपासून ‘लास्टपाइप’ या पर्यायाने तसे करता येते, पण जॉब-नियंत्रण (चालू कामे मागे-पुढे करण्याची सोय) बंद असेल तरच. ‘इको’चे वर्तन तर शेलागणिक बदलते. उलट-तिरक्या रेघेनंतरच्या अक्षरांचा अर्थ डॅश हा लहान शेल आपणहून लावतो, बॅश सहसा लावत नाही. २००६ मध्ये उबुंटूने ‘एसएच’ या नावामागे बॅशऐवजी डॅश ठेवला, तेव्हा बॅशच्या सवयींवर विसंबलेल्या अनेक स्क्रिप्ट अडखळल्या. इतरांच्या यंत्रांवर चालावयाच्या स्क्रिप्टमध्ये ‘प्रिंटएफ’च वापरावा.

एखादी आज्ञा कोणत्या वर्गातील आहे हे ‘टाइप’ ही आज्ञा सांगते, आणि ती स्वतः अंगभूत असल्याने चालू शेलची उपनावे व फंक्शनेही तिला दिसतात. ‘व्हिच’ हा बाहेरचा प्रोग्रॅम अनेक प्रणालींत फक्त ‘पाथ’मधील फाइली पाहतो आणि ‘इको’बाबत चुकीचा समज करून देतो. बॅशमध्ये ‘हेल्प’ने प्रत्येक अंगभूत आज्ञेची माहिती मिळते. ‘इनेबल’ने नको ती अंगभूत आज्ञा बंद करून बाहेरचा प्रोग्रॅम पुढे आणता येतो, तसेच जेथे सोय असेल तेथे सी भाषेत लिहिलेली नवी आज्ञा सामाईक लायब्ररीच्या रूपाने चालत्या शेलमध्ये भरता येते.