अठरा मिलिमीटर खाली सरकलेले पान

प्रबंधाची छापील पाने हातात आली. डावा समास बरोबर, वरचा मात्र नको तितका मोठा, आणि पृष्ठांक तळाच्या कडेला टेकायला आलेला. पट्टी लावून बघितले तर मजकूर जवळपास अठरा मिलिमीटर खाली. शुक्रवार पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या खोलीत अशी तक्रार आली की पहिला संशय प्रिंटरच्या रोलरवर जातो. पण रोलरची चूक पानागणिक बदलते. इथे सगळी पाने एकाच मापाने खाली होती. ए-4 ची उंची 297 मिमी, अमेरिकी लेटर कागदाची 279.4. फरक 17.6. चोर सापडला.

उद्यमनगरातला टर्नर जॉब बांधला की आधी झीरो घेतो, म्हणजे माप जिथून मोजायचे तो बिंदू ठरवतो. प्रबंध टेक या पाने जुळवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जुळवला होता. टेकचा झीरो पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून एक इंच आत आणि एक इंच खाली. प्रिंटरची भाषा पोस्टस्क्रिप्ट, तिचा झीरो तळाच्या डाव्या कोपऱ्यात. मधला डीव्हीआयपीएस हा प्रोग्रॅम एकावरून दुसरा काढतो, त्यासाठी त्याला कागदाची उंची सांगावी लागते. त्याला 11 इंच सांगितली गेली होती आणि ट्रेमध्ये ए-4 होता. डावीकडचे माप दोन्हीकडे एकच, म्हणून तो समास बिनचूक. दुरुस्ती एका ओळीची. ती ओळ कुठून आली हे बघायला मात्र पन्नास वर्षे मागे जावे लागते.

त्याच्याही आधी, खिळ्यांच्या म्हणजे सुट्या धातूच्या अक्षरांच्या काळात, असली सेटिंग नव्हतीच. बारा पॉइंटचा (पॉइंट म्हणजे इंचाचा साधारण 72 वा भाग) खिळा बारा पॉइंटचाच. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने फर्मा, म्हणजे पानाची चौकट, आवळला की पान ठरले. माप धातूतच होते.

माप धातूतून सुटले ते फोटोटाइपसेटिंगमध्ये, म्हणजे अक्षरे प्रकाशाने कागदावर उमटवण्यात. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 1970-71 मध्ये पेटंट विभागाचे टायपिंग सांभाळण्याच्या निमित्ताने युनिक्स ही संगणकप्रणाली घडवणाऱ्यांना नवा संगणक मिळाला. 1973 च्या सुमारास त्यांच्यातल्या जो ओसाना यांनी सीएटी नावाच्या फोटोटाइपसेटरसाठी ट्रॉफ हा पाने जुळवणारा प्रोग्रॅम लिहिला. सीएटीमध्ये अक्षरे फिल्मवर असत. मागून दिव्याचा झोत, पुढे लहानमोठे करणारे भिंग, आणि उमटलेला कागद नंतर रसायनात धुवायचा. एका वेळी चार फॉन्ट, प्रत्येकात 102 अक्षरे, 6 ते 36 पॉइंटपर्यंत पंधरा आकार. आडवे सरकण्याचे सर्वांत लहान पाऊल इंचाचा 432 वा भाग, उभे 144 वा. (102 अक्षरांत मराठी बसवायला सांगितले असते तर आपल्याकडच्या जुन्या जुळाऱ्याने हात जोडले असते. त्याच्या केसमध्ये जोडाक्षरे आणि मात्रा धरून शेकड्यांनी खिळे असत.)

हे सगळे आकडे ओसाना यांनी प्रोग्रॅमच्या पोटातच घातले होते. त्यात चुकीचे काही नव्हते. यंत्र एकच होते. 1977 मध्ये ओसाना वारले. यंत्र जुने होत होते, आणि कोड असा की दुसऱ्याने हात लावायला घाबरावे. 1979 च्या सुमारास बेल लॅब्जमधल्याच ब्रायन कर्निगन यांनी ट्रॉफ यंत्रापासून सोडवला. आता ट्रॉफ कुठल्याच यंत्राशी थेट बोलत नसे. अमुक फॉन्ट, अमुक आकार, इतके उजवीकडे, इतके खाली, हे अक्षर, असा साधा मजकूर तो बाहेर टाकी आणि प्रत्येक यंत्राचा वेगळा प्रोग्रॅम तो वाचून पान उमटवी. यंत्र कसे आहे हे ट्रॉफला कळायचे ते डेस्क नावाच्या छोट्या वर्णन-फाइलीतून.

1990 मध्ये जेम्स क्लार्क यांनी आणलेल्या ग्रॉफमध्ये, म्हणजे ट्रॉफच्या नव्या अवतारात, हीच पद्धत आहे, आणि आपण ज्याला आउटपुट सेटिंग म्हणतो ते बरेचसे याच फाइलीत राहते. तिथले आकडे मला मुळाक्षरांसारखे पाठ झालेत. पोस्टस्क्रिप्टसाठी इंचाला 72000 एकके. साध्या टर्मिनलसाठी 240, त्यात आडवे पाऊल 24 चे आणि उभे 40 चे, म्हणजे इंचात दहा अक्षरे आणि सहा ओळी: टाइपरायटरचे माप. डीव्हीआय या टेकच्या आउटपुट फाइलीसाठी 57816 असा विचित्र आकडा, कारण टेकच्या इंचात 72.27 पॉइंट मावतात आणि त्याची 800 पट इतकी होते. पोस्टस्क्रिप्टने इंच सरळ 72 पॉइंटचा करून टाकला. म्हणून दोन प्रोग्रॅममधला 'बारा पॉइंट' पूर्ण एकसारखा नसतो. फरक केसाएवढा, पण पानभर साठला की पट्टीवर दिसतो. कागदाचा आकारही याच फाइलीतल्या एका ओळीत लिहायचा असतो.

टेकची गोष्ट वेगळी. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना 1977 मध्ये स्वतःच्या ग्रंथाची फोटोटाइपसेटिंगची प्रुफे बघवेनात, म्हणून त्यांनी टेक लिहायला घेतले. 1979 मध्ये डेव्हिड फुक्स यांनी डीव्हीआय, म्हणजे यंत्रनिरपेक्ष फाइल, रचली. तिच्यात पॉइंटचे 65536 भाग. इतके बारीक माप कुठलेही यंत्र मागत नाही, म्हणूनच ते कुठल्याच यंत्राचे नाही.

तरीही यंत्र पिच्छा सोडत नाही. क्नूथ यांच्याच मेटाफॉन्ट या अक्षरे घडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अक्षर यंत्राच्या ठिपक्यांत बदलताना त्या यंत्राचा 'मोड' द्यावा लागे: इंचाला किती ठिपके, आणि शाई किती जाड चढते. काही लेसर यंत्रांत किरण पडतो तिथे काळे होते, काहींत किरण पडतो तिथे पांढरे राहते. दुसऱ्या प्रकारात रेषा बारीक पडतात, म्हणून 'ब्लॅकर' नावाचा आकडा वाढवून त्या जाड करायच्या. रोमन अक्षरांत हा नाजूक विषय वाटेल. देवनागरीत तो ओळभर पसरलेला दिसतो. इंचाला 300 ठिपक्यांच्या लेसरवर पुस्तकी आकारातली शिरोरेषा जेमतेम दोन-तीन ठिपक्यांची. एक ठिपका इकडेतिकडे झाला की कुठे रेषा ठळक, कुठे फिकी. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी 1991 मध्ये केलेला टेकचा देवनागरी फॉन्ट मेटाफॉन्टमध्येच होता. तो वापरणाऱ्याला प्रिंटर बदलला की फॉन्टचे ठिपके नव्याने काढावे लागत. माझ्या मते आउटपुट सेटिंगची खरी परीक्षा कागदाच्या मापात नसून या रेषेत होते, पण तक्रार घेऊन येणारा नेहमी समासाचीच घेऊन येतो.

पोस्टस्क्रिप्टने हे ठिपके काढण्याचे काम प्रिंटरच्याच अंगावर टाकले. पोस्टस्क्रिप्ट करणारी अडोबी कंपनी 1982 मध्ये निघाली, ती भाषा बोलणारा ॲपलचा लेसररायटर प्रिंटर 1985 मध्ये आला. फॉन्ट ठिपक्यांतून बाह्यरेषांत गेला, म्हणजे कुठल्याही मापाला चालेल असा झाला. तेच पान लेसरवर 300 ठिपक्यांत आणि लिनोट्रॉनिक 300 या फिल्मच्या यंत्रावर 2540 ठिपक्यांत निघू लागले. यंत्राचे वर्णन आता पीपीडी फाइलीत गेले: कुठले कागद, किती भागावर छपाई शक्य, ट्रे कोणता.

आणि कागदाची ओळ? ए-4 चे मूळ 1922 च्या जर्मन प्रमाणात. अमेरिकेने ते घेतले नाही. ट्रॉफ, टेक, पोस्टस्क्रिप्ट तिन्ही अमेरिकेत जन्मले, तेव्हा गप्प बसलात तर बहुधा लेटर. टेकवरच उभे असलेले लाटेक आजही कागद न सांगितल्यास लेटर धरून समास आखते. आमच्या धंद्यात एक गंमत आहे: आपल्या डेमी पुस्तकाचे पान साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे बरोबर अर्धे लेटर. डेमीचेच काम करणाऱ्याने लेटरच्या सेटिंगवर वर्षे काढली तरी त्याला काही खटकणार नाही. चूक उघडी पडते ती पहिला प्रबंध आल्यावर.

टेक लाइव्ह या टेकच्या तयार संचात आता 'tlmgr paper a4' एवढी आज्ञा पुरते, ग्रॉफला डेस्कमधली ओळ बदलली की झाले. संगणकावरून थेट प्लेट काढणारा सीटीपीवाला पीडीएफच मागतो. पण एकरंगी लग्नपत्रिका आम्ही अजून लेसरवर ट्रेसिंग पेपरवर काढतो, त्यावरून प्लेट होते. टोनर फिका असला की शिरोरेषा तुटते. आमच्या प्रिंटरच्या कुशीला चिकटपट्टीने लावलेला एक कागद आहे, बॉलपेनने लिहिलेला: ट्रे 2, ए-4, ट्रेसिंगला डेन्सिटी एक घर वर.