वाचा बसलेल्यांचा पत्त्यांचा डाव

अर्धांगाच्या झटक्यानंतर हातपाय हलू लागले की घरचे निर्धास्त होतात. वाचा मात्र बसलेलीच असते आणि वाडीत कुजबुज सुरू होते, "बुद्धीवर परिणाम झालाय." बहुतेकदा तसं नसतं. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा कारभार डाव्या बाजूला चालतो. तिथला रक्तपुरवठा तुटला की टोपलीतला बांगडा ओळखू येतो, पण नाव ओठावर येत नाही. काहींना समोरच्याचं बोलणंही नीट उमगत नाही. झटका आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना हा वाचाघात होतो.

घरात खरी अडचण प्रेमाची असते. आजोबांनी नुसतं "च..." म्हणायचा अवकाश, चहा हजर! मग बोलायची गरज उरतेच कुठे?

जर्मनीत मेंदूसंशोधक फ्रीडेमान पुल्फरम्युलर आणि सहकाऱ्यांनी या गरजेवरच उपचार बेतला. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात वाचाघाताचे दोन-तीन रुग्ण थेरपिस्टसोबत चित्रांचे पत्ते खेळत. प्रत्येक चित्राची जोडी दुसऱ्या कुणाकडे तरी असे, आणि मधे आडोसा. बोट दाखवून, हातवारे करून भागायचं नाही, पत्ता तोंडानं मागायचा. रोज तीन-चार तास, दहा दिवस. जुना वाचाघात असलेल्यांचंही बोलणं सुधारलं. 1999 च्या एका अमेरिकी अभ्यासात 24 जण होते. आठवड्याला पाच तासांच्या गटचर्चेतून त्यांनाही चार महिन्यांत फायदा दिसला. एकेकट्यानं घ्यायची थेरपी यामुळे बाद होत नाही. पण तिथं समोरच्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, इथं नसतं.

चहा मागता न येणारा माणूस गणपतीत आरती मात्र सगळ्यांबरोबर म्हणतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. पाठ झालेले, चालीत बसलेले शब्द बऱ्याचदा शाबूत राहतात. गटाची सुरुवात भजनानं करावी, संकोच मोडतो. पण भजन आलं म्हणजे बोलणं आलं, असं समजू नये.

स्पीच थेरपिस्ट शहरात आणि रुग्ण खाडीपलीकडच्या वाडीत, ही आपली रड आहेच. त्यांनी एकदा तपासून डाव आखून दिला, की आसपासच्या तिघाचौघांना एखाद्या पडवीत बसवता येतं. पत्त्यांवर सफरचंद नको. बांगडा, कोयती, होडी, रातांबे हवेत. मागणीही घरच्याच बोलीत: "तुमच्याकडे बांगडो आसा काय?" समोरचा अडला तर शब्द सांगून मोकळं व्हायचं नाही. थोडं थांबायचं, नाहीच जमलं तर पहिलं अक्षर द्यायचं. घरच्यांना हे सर्वांत जड जातं, म्हणून पहिले काही डाव त्यांना बाहेर अंगणातच बसवावं.