घरच्या घरी कॉइलओव्हर बसवणे (सोलापूर)

कॉइलओव्हर म्हणजे शॉकॉप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणि त्याच्यावरच चढवलेली स्प्रिंग असा एकच नग, बॉडीला बाहेरून आटे असतात आणि त्या आट्यांवर कॉलर फिरवून गाडीची उंची कमीजास्त करता येते. कंपनीचं सस्पेन्शन काढून हे घरी बसवायचा नाद सोलापुरात थोड्याच लोकांना आहे, कारण खरी स्पोर्ट्स कार इथं क्वचितच दिसते, बहुतेक काम पोलो जीटी नाहीतर ऑक्टाव्हिया आरएस असल्या गाड्यांवर चालतं.

पुढच्या बाजूला या गाड्यांना मॅकफर्सन स्ट्रट असतो, १९५० सालच्या फोर्ड कॉन्सलपासून जगभर पसरलेली ही पद्धत, त्यात शॉकॉप नुसता झटके खात नाही तर चाकाला उभं धरायचं कामही तोच करतो. म्हणून स्ट्रट बदलला की चाकाचे अँगल हलतातच. पोलोला मागे आडवा बीम असतो, तिथं स्प्रिंग वेगळी आणि शॉकॉप वेगळा, दोन्हीकडचे शॉकॉपचे खालचे बोल्ट काढून बीम हळूहळू खाली सोडला की स्प्रिंग हातात येते, फक्त ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना ते बघायचं.

सगळ्यात आधी जागा. वाड्यातली शहाबादी फरशी दिसायला सपाट पण खाली पोकळ असेल तर जॅकच्या एका चाकाखाली तडकते (आमची तडकली, आईने आठवडाभर ऐकवलं), आणि काळ्या मातीवर तर विचारूच नका, पावसानंतर घोडी (उचललेली गाडी तोलून धरणारा स्टँड) सरळ आत रुतते. जाड लाकडी फळी टाकायची, दोन्ही बाजूंना घोड्या लावायच्या आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही. पुढची दोन्ही चाकं एकदमच उचलायची, एकच उचललं तर अँटीरोल बारला (वळणावर गाडी झुकू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणारी दांडी) पीळ बसतो आणि त्याचा लिंक रॉड निघता निघत नाही. मे महिन्यात हे काम सकाळी नऊच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर, दुपारी उन्हात पडलेला पाना हातात धरवत नाही.

पोलोचा स्ट्रट खालच्या नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं तो भाग) नुसता दाबून बसवलेला असतो, बोल्ट काढला तरी सुटत नाही, मग नकलच्या फटीत स्प्रेडर (फट फाकवायचं हत्यार) घालून ९० अंशात फिरवायचा, फट जराशी उघडते आणि नकल खाली सरकते, हातोड्याने बडवत बसायचं नाही. एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाइप आधीच मोकळा करून ठेवायचा. जुना वरचा माउंट (स्ट्रट बॉडीला जिथं बसतो तो भाग) नव्या नगावर घ्यायचा असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतोच, कॉम्प्रेसरने स्प्रिंग दाबून धरलेली नसताना मधला नट सोडला तर ती तोंडावर येते, यात अजिबात मस्करी नाही. शॉकॉपचा चकचकीत रॉड पक्कडीने धरला की ओरखडा पडतो आणि त्या ओरखड्याने सील जातो, म्हणजे नव्याकोऱ्या नगातून तेल गळणार.

आता जिथं बहुतेकजण चुकतात ते. रबर बुश ज्या बोल्टवर बसतात ते गाडी हवेत असताना नुसते हाताने लावायचे, शेवटचा टॉर्क (ठरलेल्या जोराने कसणं) गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच द्यायचा, नाहीतर बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो. पहिल्यांदा मी सगळं हवेतच कसलं होतं, तीन महिने प्रत्येक खड्ड्याला कुर्रकुर्र. पोलोच्या व्हील बोल्टला १२० न्यूटन मीटर टॉर्क द्यायचा आणि पन्नासेक किलोमीटर चालवून परत चेक करायचा.

उंचीचा मोह सगळ्यांनाच होतो, पण विजापूर रोडला गल्लीबोळात लोकांनी स्वतःच घातलेले गतिरोधक बघितले की कंपनीच्या उंचीपेक्षा २५ मिलिमीटरहून जास्त खाली जायची हिंमत होत नाही. त्याहून खाली नेली तर शॉकॉपला चालायला जागा उरत नाही, बंपस्टॉपवर (शॉकॉपच्या टोकाचा रबरी अडसर) आदळत राहते, वर गल्लीतलं कोणीतरी 'काय बे, स्प्रिंग तुटली का गाडीची' विचारणारच. डॅम्पिंगचा नॉब (शॉकॉप कडक-मऊ करायचा) असेल तर पूर्ण कडक करून तिथून मागे क्लिक मोजायच्या, दोन्ही बाजू सारख्या, आणि शहरात मऊच ठेवायचं. हायवेला पुण्याकडे निघालो की मी चार क्लिक कडक करतो. काळी माती आट्यांत जाऊन पावसाळ्यानंतर कॉलर जाम होते, त्यामुळे आटे ब्रशने घासून ग्रीस लावून ठेवायचे.

उंची पक्की झाल्यावर, गाडी दोन-तीन दिवस बसू देऊन, कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) आणि टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) चेक करून घ्यायचा. टो बिघडलेला असला की टायर आतून खातो आणि बाहेरून कळतही नाही.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीवरची माहिती वेगळी पडेल असा बदल चालत नाही, आणि नियमात न बसणाऱ्या बदलाला कलम १८२ए खाली दर बदलामागे ५००० रुपये दंड आहे, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. म्हणून गरज पडली तर परत बसवता यावेत यासाठी जुने शॉकॉप भंगारात देत नाहीत, पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकतात.